दैनंदिन खर्चातील रेषीय समीकरणे

दैनंदिन खर्चातील रेषीय समीकरणे म्हणजे प्रवासभाडे, वीजबिल, खाणावळीचा महिना, भाड्याने आणलेले सामान अशा नेहमीच्या खर्चाचा हिशेब सरळ रेषेच्या समीकरणाने मांडण्याची रीत होय. हे समीकरण सामान्यतः य = (म × क्ष) + क या रूपात लिहितात. यात क्ष म्हणजे वापराचे परिमाण (किलोमीटर, युनिट, जेवणे, खुर्च्या इ.), म म्हणजे दर एककामागे पडणारी किंमत, क म्हणजे वापर कमीअधिक झाला तरी न बदलणारी रक्कम आणि य म्हणजे एकूण खर्च. म या संख्येस रेषेचा चढ आणि क या संख्येस स्थिरपद म्हणतात. क्षच्या निरनिराळ्या किमतींसाठी यच्या किमती काढून ओळीने मांडल्या की कोष्टक तयार होते.

व्यवहारातील बहुतेक चुका गुणाकारात होत नाहीत, त्या स्थिरपद ओळखण्यात होतात. खर्चात स्थिर भाग आहे की नाही, असल्यास किती आणि तो कशाचा मोबदला आहे, हे ठरल्यावर उरलेला हिशेब चौथीच्या मुलालाही जमावा. या लेखातील उदाहरणे मुख्यतः मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागांतील व्यवहारांतून घेतली आहेत. जेथे दर प्रत्यक्षातील नाहीत तेथे ‘समजा’ असे म्हटले आहे.

## पूर्वपीठिका

महाराष्ट्रात हिशेबाचे जुने साधन म्हणजे पाढे. अंकलिपीत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी (साडेतीनाचा पाढा) हे अपूर्णांकांचे पाढेही असत व ते तोंडपाठ करून घेतले जात. पाढा हे रेषीय समीकरणाचेच कोष्टक आहे, फक्त त्यात स्थिरपद शून्य असते. दिडकी म्हणजे य = १.५ × क्ष.

जुन्या मापांत सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण होता. त्यामुळे मणाला जितके रुपये तितकेच अडीच शेरांना आणे, हा हिशेब कागदाशिवाय होई, कारण अडीच शेर हा मणाचा सोळावा भाग आणि आणा हा रुपयाचा सोळावा भाग.

पाढ्यापलीकडची रीत त्रैराशिकाची. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ या ग्रंथात त्रैराशिकाचे विस्तृत विवेचन आहे. त्यातील तीन राशी म्हणजे प्रमाण, फल आणि इच्छा. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की इच्छाफल मिळते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात आहे.

त्रैराशिकाची मर्यादा येथेच सांगितली पाहिजे. ही रीत फक्त समचलनात, म्हणजे क = ० असताना, लागू पडते. पाच किलो तांदळाच्या किमतीवरून आठ किलोंची किंमत त्रैराशिकाने काढता येते. पाच किलोमीटरच्या भाड्यावरून एका किलोमीटरचे भाडे मात्र काढता येईलच असे नाही. ‘एकाला इतके, तर दहाला किती?’ हा प्रश्न शाळेत इतक्या वेळा सोडवून घेतला जातो, की प्रत्येक खर्च त्याच साच्यात बसतो असा समज विद्यार्थ्यांत रुजतो.

## आणे आणि नये पैसे

कोष्टक व समीकरण यांच्यातील फरक १ एप्रिल १९५७ रोजी घराघरांत कळला. त्या दिवशी दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. (‘नये’ हे विशेषण १९६४ मध्ये गळाले.) जुनी व नवी नाणी काही काळ एकत्र चालत असल्याने आण्यांचे नये पैसे करणे रोजचेच झाले. समीकरण सोपे होते: य = ६.२५ × क्ष. परंतु पाव नया पैसा अस्तित्वात नव्हता, म्हणून रूपांतराच्या कोष्टकात पूर्णांक दिले गेले व अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून देण्यात आला.

| आणे | समीकरणाने येणारे नये पैसे | कोष्टकातील नये पैसे |
|---|---|---|
| १ | ६.२५ | ६ |
| २ | १२.५० | १२ |
| ३ | १८.७५ | १९ |
| ४ | २५.०० | २५ |
| ८ | ५०.०० | ५० |
| १२ | ७५.०० | ७५ |
| १६ | १००.०० | १०० |

या कोष्टकाप्रमाणे एकेक आण्याच्या चार वस्तू निरनिराळ्या वेळी घेणाऱ्यास २४ नये पैसे पडत, तर चार आण्यांची एकच वस्तू घेणाऱ्यास २५. म्हणजे समीकरण रेषीय असले, तरी पूर्णांकांत बसवलेले कोष्टक काटेकोरपणे रेषीय राहत नाही. हीच गोष्ट पुढे टॅक्सीच्या भाड्यातही दिसते.

## टॅक्सीचे भाडे

मुंबई शहर भागात, म्हणजे माहीम व शीवच्या दक्षिणेस, ऑटोरिक्षांना परवानगी नाही. तेथे काळी-पिवळी टॅक्सी चालते. भाडे मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवते. यांत्रिक मीटरच्या काळात मीटरवर उमटणारा आकडा आणि द्यायचे भाडे वेगळे असे व त्यांचा मेळ टॅरिफ कार्डावरून घालावा लागे. २०१२ पासून इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले, तरी दरवाढीनंतर मीटरमध्ये नवे दर भरले जाईपर्यंत कार्डाचाच आधार घेतला जातो. टॅरिफ कार्ड हे मुंबईकराच्या सर्वांत परिचयाचे रेषीय कोष्टक म्हणावे लागेल.

फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २०.६६ रुपये असा दर आहे. यावरून समीकरण लिहा असे सांगितले, की अनेक विद्यार्थी य = २०.६६ × क्ष + ३१ असे लिहितात. ते चूक आहे. त्या ३१ रुपयांत दीड किलोमीटरचा प्रवास अंतर्भूत आहे. तो पुन्हा मोजला तर दीड किलोमीटरचे पैसे दोनदा द्यावे लागतील. योग्य समीकरण असे:

य = ३१ + २०.६६ × (क्ष − १.५), जेव्हा क्ष १.५ किंवा त्याहून अधिक असेल.

कंस सोडवल्यास य = २०.६६ × क्ष + ०.०१ असे मिळते. स्थिरपद एक पैसा, म्हणजे जवळजवळ शून्य! ‘किमान भाडे’ या शब्दांमुळे टॅक्सीत बसण्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात असे वाटते, पण दीड किलोमीटरच्या पुढे भाडे अंतराच्या समचलनातच असते. वेगळे काही असेल तर ते इतकेच, की दीड किलोमीटरहून कमी अंतर गेले तरी दीड किलोमीटरचे पैसे द्यावे लागतात. मागील दरांवरूनही हे पडताळता येते.

| दर लागू झाले | किमान भाडे (रु.) | पुढील दर कि.मी. (रु.) | दर × १.५ |
|---|---|---|---|
| मार्च २०२१ | २५ | १६.९३ | २५.४० |
| ऑक्टोबर २०२२ | २८ | १८.६६ | २७.९९ |
| फेब्रुवारी २०२५ | ३१ | २०.६६ | ३०.९९ |

शेवटचा स्तंभ पूर्ण रुपयांत आणला की दुसरा स्तंभ येतो. सध्याच्या दराने काही अंतरांचे भाडे पुढीलप्रमाणे होते.

| अंतर (कि.मी.) | समीकरणाने भाडे (रु.) | पूर्ण रुपयांत |
|---|---|---|
| १.५ | ३१.०० | ३१ |
| २ | ४१.३३ | ४१ |
| ३ | ६१.९९ | ६२ |
| ४ | ८२.६५ | ८३ |
| ५ | १०३.३१ | १०३ |
| ६ | १२३.९७ | १२४ |

दोन ते सहा किलोमीटरपर्यंतच्या ओळींत शेवटच्या स्तंभातील फरक २१, २१, २०, २१ असे येतात. ते सारखे नाहीत म्हणून भाडे रेषीय नाही असा निष्कर्ष काढू नये, कारण मधल्या स्तंभातील फरक सर्वत्र २०.६६ आहे. थांबण्याचा आकार व सामानाचे पैसे ही निराळी पदे असून ती वर मिळवावी लागतात. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंतचा २५ टक्के अधिभार मात्र मिळवायचा नसून संपूर्ण भाड्यास १.२५ ने गुणायचे असते. त्यामुळे रात्री रेषेचा चढच वाढतो. रात्रीचे भाडे म्हणजे दिवसाचे भाडे अधिक ठरावीक रक्कम, ही समजूत लांबच्या प्रवासात बरीच महागात पडते.

## पायरीचे कोष्टक

बेस्टच्या बसचे भाडे असे नसते. मे २०२५ मधील दरवाढीनंतर साध्या बसला पहिल्या ५ किलोमीटरपर्यंत १० रुपये, १० किलोमीटरपर्यंत १५ रुपये असे टप्प्याटप्प्याने भाडे आहे. टप्प्याच्या आत अंतर वाढले तरी भाडे तेच राहते, टप्पा ओलांडताच ते उडी घेते. याचा आलेख जिन्यासारखा दिसतो. अशा ठिकाणी समीकरण शोधत बसण्यात अर्थ नाही, कोष्टक वाचावे हेच बरे.

पासाचा हिशेब दोन रेषांच्या छेदनबिंदूने सुटतो. उपनगरी रेल्वेच्या द्वितीय श्रेणीचे किमान तिकीट ५ रुपये आहे. जाऊन येऊन रोजचे १० रुपये, म्हणजे क्ष दिवसांचे १० × क्ष. समजा मासिक पास १०० रुपयांस मिळतो. त्याची रेषा आडवी, य = १००. दोन्ही रेषा क्ष = १० येथे छेदतात. महिन्यात दहापेक्षा अधिक दिवस प्रवास करणाऱ्यास पास फायद्याचा, आठवड्यातून दोनदाच दादरला येणाऱ्यास तिकीट.

## खाणावळीचा खाडा

परळ-लालबागच्या गिरणगावात कुटुंब गावी ठेवून आलेले कामगार एका गाळ्यात अनेकजण मिळून राहत आणि जेवणासाठी खाणावळ लावत. या खाणावळी बहुतांशी बायका आपल्या घरीच चालवीत. त्यांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि सावकाराऐवजी बँकेकडून कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली.

खाणावळीचे पैसे महिन्याच्या हिशेबाने ठरतात. आगाऊ सांगून एखादे जेवण चुकवले तर त्यास ‘खाडा’ म्हणतात आणि खाड्याचे पैसे महिन्यातून वजा होतात. एका खाड्याचे किती पैसे वजा करावेत, हा खाणावळीतील जुना वाद आहे.

समजा दोन वेळच्या जेवणाचा, म्हणजे ६० जेवणांचा, महिना ३,६०० रुपये आहे. सभासदाचे म्हणणे असे, की एक जेवण ६० रुपयांचे, तेव्हा खाड्याचे ६० रुपये वजा व्हावेत. खाणावळवाली ४० रुपये वजा करते. वरवर पाहता ती वीस रुपये दाबते असे दिसते. तिची बाजू समजण्यासाठी तिचा खर्च मांडावा लागतो. समजा तिच्याकडे २० सभासद आहेत, जागा, मदतनीस, भांडी इत्यादींचा स्थिर खर्च महिना १८,००० रुपये आहे आणि प्रत्येक जेवणाचा शिधा व इंधन ४० रुपये आहे. सर्वजण महिनाभर जेवले, तर जमा ७२,००० रुपये, खर्च १८,००० + (१,२०० × ४०) = ६६,००० रुपये आणि शिल्लक ६,००० रुपये. हीच तिची महिन्याची कमाई.

आता प्रत्येकाने क्ष खाडे केले असे धरू. खाड्यास ६० रुपये वजा केल्यास तिची शिल्लक ६,००० − ४०० × क्ष होते. ४० रुपये वजा केल्यास जमेतून जितके जातात तितकेच खर्चातूनही वाचतात, म्हणून शिल्लक ६,००० रुपयेच राहते.

| प्रत्येकाचे खाडे | सभासदाचे बिल (खाडा ६० रु.) | खाणावळीची शिल्लक | सभासदाचे बिल (खाडा ४० रु.) | खाणावळीची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| ० | ३,६०० | ६,००० | ३,६०० | ६,००० |
| १० | ३,००० | २,००० | ३,२०० | ६,००० |
| १५ | २,७०० | ० | ३,००० | ६,००० |
| २० | २,४०० | −२,००० | २,८०० | ६,००० |
| ३० | १,८०० | −६,००० | २,४०० | ६,००० |

शिमग्याला आणि गणपतीला कोकणातील माणसे गावी जात, तेव्हा पंधरा-पंधरा दिवसांचे, म्हणजे तीस-तीस खाडे होणे नेहमीचे होते. साठ रुपयांच्या हिशेबाने अशा महिन्यात बाईला पदरचे ६,००० रुपये घालावे लागले असते. सभासदाने जेवण घेतले नाही, तरी चुलीची जागा आणि भांडी घासणाऱ्या बाईचा पगार थांबत नाही, आणि हाच ३,६०० मधला स्थिरपदाचा भाग. सभासदाचे समीकरण य = ३,६०० − ४० × क्ष असे आहे. त्यात क्ष = ६० घातल्यास १,२०० रुपये उरतात. एकही जेवण न घेता खाणावळीत नाव ठेवण्याची ती किंमत होय. ती जास्त आहे की नाही, यावर भांडता येईल, पण ती शून्य असू शकत नाही.

सभासद कायमचाच गेला तर मात्र खाड्याचा नियम उपयोगी पडत नाही. वीसपैकी पाच सभासद सोडून गेल्यास जमा ५४,०००, खर्च १८,००० + ३६,००० = ५४,००० आणि शिल्लक शून्य. सहावा गेला की तोटा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कामगार मोठ्या संख्येने गावी परतले, तेव्हा खाणावळींवर काय वेळ आली असेल, हे या हिशेबावरून समजते.

## दोन बिलांवरून दर काढणे

दुकानदार दर व स्थिर आकार वेगळे न सांगता एकच रक्कम सांगतो, तेव्हा दोन बिलांवरून दोन्ही काढता येतात. समजा गिरगावातील एका चाळीच्या गणेशोत्सवात मंडप डेकोरेटरने ५० खुर्च्यांचे ९०० रुपये व दुसऱ्या दिवशी ८० खुर्च्यांचे १,२६० रुपये घेतले. ने-आण आकार क आणि खुर्चीचे भाडे म धरल्यास:

क + ५० × म = ९००
क + ८० × म = १,२६०

दुसऱ्यातून पहिले वजा केल्यास क चा लोप होऊन ३० × म = ३६०, म्हणून म = १२ आणि क = ३०० मिळते. पहिल्या बिलाला ५० ने भागणारा कार्यकर्ता खुर्चीचे भाडे १८ रुपये समजेल आणि शंभर खुर्च्यांना १,८०० रुपये मोजायला तयार होईल. समीकरणाने ते १,५०० होतात. तिसरे बिल हा या उत्तराचा ताळा आहे. ते समीकरणात बसले नाही, तर दर बदलला आहे किंवा दुसरा टेम्पो लागला आहे, याची चौकशी करावी. दोन बिंदूंतून रेषा नेहमीच काढता येते, म्हणून दोनच बिले जुळली यावर विसंबू नये.

ज्या व्यवहारात वस्तू अनेक असतात तेथे प्रत्येक वस्तूचे एक पद येते. उन्हाळ्यात लालबागच्या मसाला बाजारात ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरची, धणे व गरम मसाला घेऊन डंकावर कुटून घेतला जातो. त्याचा हिशेब वजन, दर व रक्कम अशा तीन स्तंभांत मांडून बेरीज करावी. कुटणावळ एकूण वजनावर असते, म्हणून ती शेवटी लावावी.

## वीजबिल: मोडलेली रेषा

मुंबई शहर भागात बेस्ट वीजपुरवठा करते. घरगुती बिलात स्थिर आकार असतो आणि युनिटचा दर ०–१००, १०१–३००, ३०१–५०० व ५०० च्या वर अशा टप्प्यांनी चढत जातो. समजा स्थिर आकार १०० रुपये, पहिल्या शंभर युनिटांना ३ रुपये आणि पुढील दोनशे युनिटांना ६ रुपये दर आहे.

| युनिट | बिल (रु.) |
|---|---|
| ९० | ३७० |
| १०० | ४०० |
| ११० | ४६० |
| १५० | ७०० |
| २०० | १,००० |

शंभरावर एक युनिट गेले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, हा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. १०१ युनिटांचे बिल ४०६ रुपये होते, ७०६ नव्हे. बसच्या भाड्याप्रमाणे येथे उडी नसते. रेषा शंभराजवळ मोडते आणि अधिक चढी होते, इतकेच. दुसऱ्या टप्प्याचे समीकरण य = ४०० + ६ × (क्ष − १००), म्हणजेच य = ६ × क्ष − २०० असे आहे. यातील ‘उणे २००’ पाहून गोंधळण्याचे कारण नाही. ते समीकरण १०० ते ३०० युनिटांपुरतेच आहे आणि क्ष = ० त्याच्या हद्दीत येतच नाही, त्यामुळे तेथील स्थिरपदास ‘वीज न वापरता येणारे बिल’ असा अर्थ नाही. तो अर्थ फक्त पहिल्या टप्प्याच्या १०० रुपयांना आहे.

या गणितावरून बचतीचाही अंदाज येतो. महिना ११० युनिट वापरणाऱ्याने दहा युनिट वाचवले तर ६० रुपये वाचतात. त्यापुढे आणखी दहा वाचवले तर फक्त ३०.

## कोष्टकावरून समीकरण ओळखणे

दिलेले कोष्टक रेषीय आहे की नाही हे पाहण्यासाठी क्षच्या किमती समान अंतरावर घ्याव्यात आणि यच्या लगतच्या किमतींतील फरक काढावेत. फरक सारखे आले तर संबंध रेषीय. फरकास क्षमधील अंतराने भागले की दर मिळतो. वरच्या वीजबिलाच्या कोष्टकात युनिट समान अंतराने घेतलेले नाहीत, म्हणून तेथे नुसते फरक पाहून चालत नाही, प्रत्येक फरकास युनिटांच्या फरकाने भागावे लागते. तसे केल्यास ३, ६, ६, ६ हे दर दिसतात आणि रेषा कोठे मोडली तेही कळते.

महाराष्ट्र राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे प्रकरण इयत्ता नववी व दहावीच्या गणित भाग १ मध्ये आहे. दहावीत लोप पद्धती, आलेख व निर्धारकांची क्रेमरची पद्धती शिकवली जाते. शाब्दिक उदाहरणांत वयांचे व दोन अंकी संख्यांचे प्रश्न पुष्कळ सोडवून घेतले जातात. घरी येणारी तीन महिन्यांची वीजबिले वर्गात आणायला सांगितली, तर त्यावरून दर काढण्याचा सराव अधिक उपयोगी ठरतो. मात्र बिलावरील वीजशुल्क टक्केवारीने लागत असल्याने ते आधी वेगळे काढून ठेवावे, नाहीतर फरक जुळत नाहीत.